चाकण पट्ट्यातील 'उशिजिमा' : खासगी सावकारीचे गणित

पिंपरी, प्रतिनिधी

कर्ज मागितले पन्नास हजार रुपयांचे. हातात पडतात पंचेचाळीस हजार. दरमहा दहा टक्के दराने पहिल्या महिन्याचे व्याज देतानाच कापून घेतलेले असते. त्यानंतर दर महिन्याच्या पगाराला पाच हजार रुपये मोजायचे. दहा महिन्यांत पन्नास हजार रुपये फेडून झालेले असतात आणि देणे मात्र पन्नास हजारच उरलेले असते, कारण आतापर्यंत गेले ते सारे व्याज. मुद्दलाला हातच लागलेला नसतो.

भोसरी, चिखली, तळवडे, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या औद्योगिक पट्ट्यात हे गणित कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कंपनीच्या प्रवेशद्वारासमोरच्या चहाच्या टपरीवर ते तोंडपाठ असते. तरीही कर्ज घेतले जाते आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यांपैकी एखादे प्रकरण पोलिस ठाण्यात, न्यायालयात किंवा शवविच्छेदनगृहात पोहोचते. गणित माहीत असूनही माणूस त्यात शिरतो कसा आणि शिरल्यावर बाहेर का पडू शकत नाही, याचे उत्तर सावकाराच्या दंडेलीपेक्षा त्याच्या कपाटातील कागदांत अधिक सापडते.

जपानी चित्रकथेतील सावकार

या व्यवहाराचे अत्यंत निर्दय चित्रण जपानमधील एका चित्रकथा मालिकेत आढळते. शोहेई मानाबे यांची 'यामिकिन उशिजिमा-कुन' ही मालिका 'बिग कॉमिक स्पिरिट्स' या साप्ताहिकातून २००४ ते २०१९ या काळात प्रसिद्ध झाली आणि तिचे ४६ खंड निघाले. २०१० मध्ये तिच्यावर दूरचित्रवाणी मालिका आली, पुढे चित्रपटही निघाले. 'यामी' म्हणजे अंधार किंवा काळाबाजार आणि 'किन' हे वित्तव्यवहार या अर्थाच्या जपानी शब्दाचे लघुरूप. यामिकिन म्हणजे परवाना नसलेला, कायद्याबाहेरचा सावकार.

मालिकेचा नायक काओरू उशिजिमा 'काऊकाऊ फायनान्स' नावाची पेढी चालवतो. त्याचा दर दहा दिवसांना पन्नास टक्के. चक्रवाढ न धरताही वर्षाला हा दर अठराशे टक्क्यांच्या वर जातो. बँका आणि परवानाधारक वित्तसंस्था ज्यांना दारात उभे करत नाहीत, तेच त्याचे ग्राहक : जुगारी, कर्जबाजारी पगारदार, उधारीवर चैन करणारे तरुण, कुटुंबाने टाकलेली माणसे. उशिजिमा क्वचितच आवाज चढवतो. तो ससे पाळतो आणि त्यांच्यावर माया करतो. माणसांविषयी मात्र त्याला ना राग असतो ना दया, त्याला फक्त वसुली हवी असते. ग्राहकाकडे पैसे उरले नाहीत तर त्याच्याकडे, त्याच्या आईवडिलांकडे, त्याच्या शरीराकडे विकण्याजोगे काय आहे, एवढेच तो पाहतो. मानाबे यांनी त्याला ना खलनायक केले ना गरिबांचा कैवारी. वाचकाला अस्वस्थ करते ते हेच.

चाकणच्या वाचकाला यातील रक्तपात परका वाटेल, पण ग्राहक निवडण्याची रीत ओळखीची वाटावी. मराठी माणसाला सावकाराची व्यक्तिरेखा नवी नाही. बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्येच 'सावकारी पाश' हा मूकपट काढला होता. त्यातील कर्जदार शेतकरी होता आणि सावकाराची नजर जमिनीवर होती. कारखान्यांच्या पट्ट्यातील कर्जदाराकडे बहुधा जमीन नसते, असतो तो महिन्याचा पगार. त्यामुळे येथील सावकाराची नजर पगाराच्या तारखेवर असते.

ग्राहक कोण?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळ आले, टेल्को आणि बजाजसारखे मोठे कारखाने आले आणि त्यांच्या आधाराने हजारो लघुउद्योग वाढले. त्या पिढीतील कायम कामगाराला अडीअडचणीला कंपनीची कामगार पतपेढी होती. अर्ज केला, दोन सहकाऱ्यांनी जामिनावर सह्या केल्या, हप्ता पगारातून कापला गेला आणि विषय संपला. पतपेढीच्या निवडणुकीत लोक एवढ्या हिरिरीने का उतरत, हे नव्या पिढीला कळणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून चाकण वाढू लागले. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना येथे आला, त्यानंतर दहा-बारा वर्षांत फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र आणि त्यांचे असंख्य पुरवठादार आले. काम वाढले, पण त्यातील मोठा भाग ठेकेदारामार्फत येणाऱ्या कामगारांकडे गेला. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आणि उत्तरेकडील राज्यांतून आलेला हा तरुण काही महिने एका कंपनीत, मग 'ब्रेक', मग दुसऱ्या ठेकेदाराकडे असा फिरतो. त्याला पतपेढीचे सभासदत्व मिळत नाही. भाडेकरार नसल्याने पत्त्याचा पुरावा गावाकडचा. बँकेच्या दृष्टीने त्याचे उत्पन्न अनियमित. गावाकडची सात-बाऱ्यावरची जमीन वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या नावावर.

त्याची गरज सहसा मोठी नसते. खोलीची अनामत रक्कम, बहिणीच्या लग्नातील वाटा, बायकोचे बाळंतपण, दुचाकीच्या अपघातानंतरचे रुग्णालयाचे बिल. पण ती आज रात्री हवी असते. बँकेला कागद लागतात आणि आठ दिवस लागतात. सावकाराला एक फोन पुरतो. कर्जदार दहा टक्के व्याज मोजतो ते याच घाईपोटी. त्याला व्याजाचा हिशेब कळत नाही, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

कर्जदारांत केवळ कंत्राटी कामगार नाहीत. दोन-तीन यंत्रांवर सुटे भाग बनवणारा छोटा वर्कशॉपवाला मोठ्या कंपनीकडून नव्वद दिवसांनी येणाऱ्या पैशाची वाट पाहत असतो. कामगारांचा पगार आणि विजेचे बिल मात्र थांबत नाही. भाजीविक्रेते, रिक्षाचालक, खानावळ चालवणाऱ्या महिला, भिशीत अडकलेल्या गृहिणी हेही त्यात आहेत.

पैसा देणारा माणूसही परका नसतो. औद्योगिक वसाहतींसाठी गेलेल्या जमिनींचा मोबदला गावागावांत आला. त्यातून बहुतेकांनी घरे बांधली, चाळी काढल्या, कंपन्यांना बसगाड्या आणि टँकर भाड्याने लावले. काहींनी तो व्याजाने फिरवला. कधी खोलीचा मालक, कधी ठेकेदाराचा मुकादम, कधी त्याच कंपनीतील जुना कामगार सावकार होतो. 'दादा' किंवा 'भाऊ' म्हणून ज्याला रोज हाक मारायची, त्याच्याविरुद्ध तक्रार कशी करायची, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

कपाटातील कागद

कर्ज देताना या सावकाराकडून पावती मिळत नाही. कर्जदाराकडून मात्र बरेच काही घेतले जाते. सही केलेले दोन-तीन कोरे धनादेश. सही केलेला कोरा मुद्रांक. दुचाकीचे किंवा रिक्षाचे नोंदणी पुस्तक. पगाराच्या खात्याचे एटीएम कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक; म्हणजे पगार जमा झाला की आधी सावकार पैसे काढणार आणि उरलेले कामगाराला मिळणार. रक्कम मोठी असेल आणि कर्जदाराच्या नावावर घर किंवा गुंठेवारीतील तुकडा असेल, तर गहाणखत न करता थेट साठेखत, कुलमुखत्यारपत्र किंवा नोंदणीकृत खरेदीखतच लिहून घेतले जाते. "पैसे दिलेस की उलटून देऊ," हे आश्वासन तोंडी असते.

यांतील प्रत्येक कागदाचा उपयोग ठरलेला आहे. कोऱ्या धनादेशावर पन्नास हजारांऐवजी पाच लाख लिहिले जातात, तो बँकेत वटत नाही आणि पराक्रम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली नोटीस येते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम दिली नाही तर फौजदारी खटला दाखल होऊ शकतो आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. येथे कर्जदारांचा एक मोठा गैरसमज आहे. 'चेक मी कोरा दिला होता, रक्कम माझ्या अक्षरात नाही' एवढे सांगितले की सुटका होते, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. धनादेशावरील सही आपली असल्याचे मान्य केले की तो देण्यापोटीच दिला, असे कायदा गृहीत धरतो. रक्कम दुसऱ्याने भरली असली तरी हे गृहीतक टिकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. ते खोडून काढता येते, पण त्यासाठी पुरावा लागतो आणि नोटिशीला वेळेत लेखी उत्तर दिलेले असावे लागते. बहुतेक जण नोटीस घडी करून ट्रंकेत ठेवतात.

त्यामुळे वसुलीला आलेल्या दोन धिप्पाड तरुणांची भीती वाटते हे खरे असले, तरी कर्जदार पोलिस ठाण्याची पायरी चढत नाही तो अनेकदा या कागदांच्या भयाने. आपणच गुन्हेगार ठरू, अशी त्याची खात्री करून दिलेली असते.

रोखे जाळणारा जिल्हा

पुणे जिल्ह्याला या भयाचा जुना अनुभव आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला आणि तो उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. 'दख्खनचे दंगे' म्हणून इतिहासात नोंदल्या गेलेल्या या उठावात जीवितहानी फारशी झाली नाही. जमावाला सावकाराचा जीव नको होता, त्याचे रोखे आणि हुकूमनामे हवे होते. ते हाती आले की त्यांची होळी केली जाई. सावकाराची ताकद नेमकी कोठे आहे, हे निरक्षर शेतकऱ्याने अचूक ओळखले होते. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य अधिनियम आला. त्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, कर्जापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबवले आणि पावती व हिशेब देणे सावकारावर बंधनकारक केले.

औद्योगिक कामगाराच्या कर्जाची दखल घ्यायला आणखी अर्धशतक जावे लागले. मुंबईच्या गिरण्यांबाहेर पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभे राहणारे पठाण सावकार त्या काळी सर्वांच्या परिचयाचे होते. 'पठाणी व्याज' हा शब्दप्रयोग तेथूनच रूढ झाला. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील राजकीय श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात रुपयाला महिन्याला एक आणा हा दर सर्रास असल्याचे नोंदवले. वर्षाला तो पंचाहत्तर टक्के होतो. वसुलीसाठी कारखान्याला वेढा घालून बसणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा, अशी शिफारसही आयोगाने केली. आज चाकण पट्ट्यात चालणारा महिना दहा टक्क्यांचा दर वर्षाला एकशेवीस टक्के होतो, आणि पहिले व्याज आधीच कापल्याने प्रत्यक्षात तो १३३ टक्क्यांवर जातो. ज्याच्या नावाने व्याजाला शिवी पडली, तो पठाण यापेक्षा स्वस्त होता.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात १९४६ च्या मुंबई सावकार अधिनियमाची जागा २०१४ मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने घेतली. परवान्याशिवाय सावकारीचा व्यवसाय करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवानाधारकासाठी शासनाने २०१४ मध्येच व्याजाचे दर ठरवून दिले : शेतकऱ्याला तारणावर वार्षिक ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के. म्हणजे वरील उदाहरणातील पन्नास हजारांवर महिन्याला ७५० रुपये. कर्जदार मोजतो पाच हजार.

कोऱ्या जागा सोडलेल्या दस्तऐवजावर सही घेणे किंवा प्रत्यक्षाहून वेगळी रक्कम लिहून घेणे, हाही या कायद्याखाली गुन्हा आहे. वसुलीसाठी कर्जदाराच्या मागे मागे फिरणे, घराजवळ किंवा कामाच्या ठिकाणी घुटमळणे, धमकावणे, त्याच्या वस्तू अडवून धरणे हे सारे कायद्याने 'उपद्रव' या एका संज्ञेत आणले आहे. विनापरवाना सावकाराला आपल्या कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयाकडून हुकूमनामा मिळू शकत नाही. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल होऊ नये, हे दामदुपटीचे जुने तत्त्वही कायद्यात आहे : न्यायालय व्याजापोटी मुद्दलापेक्षा जास्त रकमेचा हुकूमनामा देत नाही.

या कायद्यातील सर्वांत प्रभावी आणि सर्वांत कमी माहीत असलेली तरतूद कलम १८ ची आहे. सावकारीच्या व्यवहारातून कर्जदाराची स्थावर मालमत्ता सावकाराच्या ताब्यात गेली असेल, मग ती विक्रीने असो, गहाणाने, भाडेपट्ट्याने वा अन्य मार्गाने, तर पंधरा वर्षांपर्यंत मागे जाऊन तिची चौकशी करता येते. चौकशीअंती व्यवहार सावकारीचाच होता असे आढळल्यास खरेदीखत अवैध ठरवून मालमत्ता कर्जदाराला परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक, म्हणजेच सहकार खात्याचा जिल्हा उपनिबंधक, देऊ शकतो. नोंदणीकृत दस्त झाला म्हणजे सारे संपले, असे नाही. १८७९ च्या कायद्याने न्यायालयाला दिलेली 'कागदामागे जाऊन पाहण्याची' मुभा येथे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याला मिळाली आहे.

पळवाटाही आहेत. कायदा सावकारीच्या 'व्यवसायाला' लागू होतो. ओळखीतून एकदा दिलेले हातउसने पैसे हा व्यवसाय नव्हे, आणि प्रत्येक सावकाराचा बचाव हाच असतो. म्हणून एकट्या कर्जदाराच्या तक्रारीपेक्षा तीन-चार कर्जदार एकत्र पुढे आले तर प्रकरण टिकते. शिवाय ठरावीक मर्यादेहून मोठ्या रकमेचा, धनादेशावर आधारलेला व्यवहार कायद्याच्या 'कर्ज' या व्याख्येतून वगळलेला आहे. कोऱ्या धनादेशावर मोठा आकडा भरण्यामागे हाही हिशेब असू शकतो.

जपानने वेगळी वाट धरली. ओसाकाजवळ २००३ मध्ये बेकायदा सावकारांच्या छळाला कंटाळून एका वृद्ध दाम्पत्याने आणि पत्नीच्या भावाने रेल्वेखाली जीव दिला. त्या वर्षीच कायदा कडक करण्यात आला. २००६ च्या सुधारणेनंतर, २०१० पासून, व्याजाची कमाल मर्यादा २९.२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि कोणाही व्यक्तीला तिच्या वार्षिक उत्पन्नाच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक विनातारण कर्ज वित्तसंस्थांकडून मिळणार नाही, असे बंधन आले. त्याहून कठोर निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून २००८ मध्ये दिला. यामिकिनने दिलेले मुद्दल हेच गुन्ह्याचे साधन असल्याने कर्जदार भरलेली सर्व रक्कम नुकसानभरपाई म्हणून मागू शकतो आणि त्यातून मुद्दल वजा होणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. उशिजिमाच्या कथा वाचणाऱ्या जपानी वाचकाला हे माहीत असते, कथेतील कर्जदारांना मात्र नसते.

तक्रार कोठे?

परवाना आहे की नाही, हे तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात कळते. तक्रारही तेथेच देता येते. तक्रारीत तथ्य वाटल्यास निबंधकाला पोलिस बंदोबस्तात सावकाराच्या जागेची झडती घेऊन कागदपत्रे जप्त करण्याचा अधिकार आहे. कोरे धनादेश आणि मुद्रांक सापडतात ते अशाच झडत्यांमध्ये. वेळ दवडला तर ते जागेवर राहत नाहीत. धमकी, मारहाण वा खंडणीचा प्रकार असेल तर पोलिसांकडे जावे. चाकण, महाळुंगे, आळंदी, तळेगाव हा भाग १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयात येतो. 'हा सहकार खात्याचा विषय' असे पोलिसांनी आणि 'मारहाण झाली असेल तर पोलिसांत जा' असे सहकार खात्याने सांगितल्याने कंटाळून परतणारे तक्रारदार थोडे नाहीत. दोन्हीकडे एकाच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घेणे हा त्यावरचा साधा उपाय.

कर्ज घेण्याआधीच्याही काही वाटा कामगाराला ठाऊक नसतात. ठेकेदाराकडील कामगाराच्या पगारातूनही भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर आजारपणासाठी त्यातून आगाऊ रक्कम काढता येते. राज्य विमा योजनेत नाव असेल, तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रोख लाभ मिळतो आणि चिंचवडच्या मोहननगरात या योजनेचे रुग्णालय आहे. कापलेली रक्कम खरोखर भरली जाते का, हे मोबाइलवर तपासायला दोन मिनिटे लागतात. ठेकेदाराने ती भरलीच नसेल, तर तो वेगळ्या तक्रारीचा विषय होतो.

गेल्या काही वर्षांत टपरीवरच्या सावकाराला मोबाइलवरील कर्ज ॲपची जोड मिळाली. तेथे कोऱ्या धनादेशाची जागा फोनमधील संपर्कयादी आणि छायाचित्रांनी घेतली. हप्ता चुकला की नातेवाइकांना बदनामीचे संदेश जाऊ लागले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम केले. कर्ज थेट कर्जदाराच्या खात्यात जमा करणे, सर्व शुल्कांसह वार्षिक दर आधी लेखी सांगणे आणि फोनमधील संपर्क वा छायाचित्रांना हात न लावणे या अटी त्यात आहेत. नोंदणीकृत बँक किंवा वित्तसंस्थेचे नाव न सांगणारे ॲप या चौकटीबाहेरचे समजावे.

मोबाइलमुळे कर्जदाराच्या बाजूनेही एक बदल झाला आहे. पूर्वी व्याज रोखीने जाई आणि त्याचा मागमूस राहत नसे. आता अनेक सावकार ते यूपीआयने, बहुधा पत्नीच्या किंवा मेव्हण्याच्या खात्यावर घेतात. दर महिन्याच्या आठ तारखेला, पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, एकाच खात्यावर गेलेले पाच-पाच हजार रुपये बँकेच्या उताऱ्यावर ओळीने दिसतात. हातउसन्या पैशांची परतफेड अशी होत नसते. निबंधकाकडे अर्ज करताना सोबत जोडायचा पहिला कागद तोच.